वासोट्याला जाण्याआधी : मेढा ते दाभोळ, एका दरीचे चार प्लॅन

हा एपिसोड ऐकायला वेळ नसेल, बसमध्ये इयरफोन विसरला असाल, तर ही त्याची लिखित आवृत्ती. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जरा कमी केलेत.

ऑक्टोबर लागला की मला ठरलेला मेसेज येतो. "भावा, तू मेढ्याचा ना? वासोटा प्लॅन करतोय. बोट किती वाजता? परमिशन कुठं? नेटवर्क असतं का?" ऑफिसातले मित्र विचारतात, कॉलेजचे विचारतात, मित्रांचे मित्र विचारतात. आणि मेसेजच्या शेवटी हमखास एक वाक्य असतं : "ऐकलंय एकदम व्हर्जिन जंगल आहे, माणूस नाही काही नाही."

बोटीचं आणि परमिशनचं सांगतोच, शेवटी सगळं आहे. पण आधी त्या 'माणूस नाही काही नाही' बद्दल बोलू. कारण कोयनेच्या दरीत माणूस नाही हे निसर्गानं ठरवलेलं नाही. ते वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी ठरवलंय. या दरीचे आजपर्यंत निदान चार प्लॅन झालेत, आणि प्रत्येक प्लॅनचा फायदा मुख्यतः दरीच्या बाहेर गेला. तुमची वीकेंड ट्रिप त्यातल्या चौथ्या प्लॅनमध्ये बसते. म्हणून आधीचे तीन माहीत असलेले बरे.

पहिल्यांदा नकाशा उघडा.

मेढा हे सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्याचं मुख्य ठिकाण, वेण्णा नदीच्या काठावर. गंमत बघा, तालुक्याचं नाव जावळी, पण ज्या जावळीबद्दल आपण चौथीच्या पुस्तकात वाचलं ते जावळी गाव आज महाबळेश्वर तालुक्यात, प्रतापगडाच्या बाजूला आहे. नाव इकडे राहिलं, गाव तिकडे. मेढ्यातून पश्चिमेचा डोंगर ओलांडला की खाली कोयनेची दरी लागते. बामणोली तिथंच.

आता कोयना नदी बोटानं ट्रेस करा. ती महाबळेश्वरला उगम पावते आणि सरळ दक्षिणेकडे निघते. सह्याद्रीतल्या बहुतेक नद्या पूर्वेला वळतात. ही मात्र दोन डोंगररांगांच्या मधून साधारण ६५ किलोमीटर दक्षिणेला वाहते, हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. म्हणजे या नदीच्या उजव्या हाताला, एका डोंगराच्या पलीकडे, कोकण आहे. वासोट्यावरच्या बाबूकड्यावर उभं राहिलात तर पायाखाली कोकणच दिसतं. समुद्र जवळ आहे, पण नदी त्याच्याकडे पाठ करून वाहते. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिला प्लॅन : वाट अडवायची, जकात घ्यायची

वाशिष्ठी नदी जिथं समुद्राला मिळते तिथं दाभोळ आहे. आज शांत असलेलं हे गाव बहमनी आणि आदिलशाही काळात पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात भारत फिरला, त्यानं परतीचं जहाज दाभोळहूनच पकडलं. बंदरात उतरलेला माल देशावर न्यायचा तर घाट चढायलाच हवा. घोडे, कापड, मीठ, सगळं बैलांच्या पाठीवर. उत्तरेकडून पार घाट, हातलोट घाट, दक्षिणेकडे कुंभार्लीची वाट. यातल्या उत्तरेकडच्या वाटा जावळीच्या रानातून जात होत्या.

म्हणून जावळीची किंमत होती. तिथं पीक फारसं नव्हतं. नाचणी, वरी, थोडा भात. पण ज्याच्या हातात जावळी त्याच्या हातात कोकण आणि देश यांच्यामधलं दार. आदिलशाहीच्या वतीनं हे दार मोऱ्यांच्या ताब्यात होतं, आणि घराण्याचा किताब होता चंद्रराव. आपण 'चंद्रराव मोरे' हे एका माणसाचं नाव समजतो. तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला किताब आहे.

शिवाजी महाराजांनी जानेवारी १६५६ मध्ये जावळी घेतली. त्याच वर्षी रायरी हाती आली, जो पुढे रायगड झाला. मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली प्रतापगड उभा राहू लागला. १० नोव्हेंबर १६५९ ला अफझलखानाची भेट त्याच गडाच्या पायथ्याशी झाली. महाराजांनी ती जागा निवडली, कारण त्या रानात मोठं सैन्य पसरताच येत नाही. भूगोल वाचून केलेला प्लॅन म्हणजे काय, ते इथं कळतं.

वासोटाही याच व्यवस्थेतला. जुना किल्ला, परंपरा त्याचा संबंध शिलाहार राजा भोजाशी जोडते. समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या वर. महाराजांच्या काळात त्याला व्याघ्रगड म्हणू लागले. त्याच्या नावात वाघ आहे हेही लक्षात ठेवा.

इतका अडनिडा किल्ला लढाईपेक्षा तुरुंगासाठी सोयीचा. पण त्याच्या वाट्याला एक मोठी लढाई आली, आणि तिची नायिका आहे ताई तेलीण. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंत प्रतिनिधी आणि दुसरा बाजीराव यांच्यात बिनसलं. प्रतिनिधींच्या बाजूची ही बाई वासोटा धरून बसली. पेशव्यांनी बापू गोखल्यांना पाठवलं. बापू गोखले म्हणजे त्या काळातला पेशव्यांचा सगळ्यात तगडा सेनापती, आणि तरीही किल्ला घ्यायला त्यांना महिनोन्‌महिने लागले. शाळेच्या पुस्तकात तिला दोन ओळी तरी मिळायला हव्या होत्या.

मग १८१८. पेशवाई बुडत होती. वासोट्यावर साताऱ्याच्या छत्रपतींच्या घरची माणसं ठेवलेली होती, आणि हंटर व मॉरिसन नावाचे दोन इंग्रज अधिकारी कैदेत होते. जनरल प्रिट्झलरच्या फौजेनं समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या आणि मारा केला. एप्रिल १८१८ मध्ये किल्ला पडला. त्याच महिन्यात इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. तुम्ही वर गेलात की जुना वासोटा समोर दिसतो. दोन डोंगरांमधलं अंतर बघा, म्हणजे तोफा तिकडे का नेल्या ते न सांगता कळेल.

इथं पहिला प्लॅन संपतो. मुंबई वाढली, दाभोळ मागे पडलं. घाटवाटा पायवाटा झाल्या. दरीतली गावं मात्र तशीच राहिली. शेती, गुरं, आणि तरुण मुलगा मुंबईला. आमच्या जावळी तालुक्यात आजही घरटी एक माणूस मुंबईला असतोच, ती सवय जुनी आहे.

दुसरा प्लॅन : पाणी अडवायचं, वीज घ्यायची

महाबळेश्वर ते हेळवाक या पट्ट्यात पाऊस इतका पडतो, की वर्षाला ५००० मिलिमीटर ही इथं फार मोठी बातमी नाही. दोन रांगांमधली लांब दरी, वर प्रचंड पाऊस, आणि डोंगराच्या पलीकडे कोकणात सरळ खाली उतार. इंजिनिअरच्या नजरेनं बघितलं तर ही जागा धरणासाठीच केल्यासारखी वाटते. हा विचार इंग्रजांच्या काळापासून चालू होता. काम सुरू झालं १९५० च्या दशकात, आणि १९६४ पर्यंत धरण उभं राहिलं. उंची १०३ मीटर, साठा आज १०५ टीएमसीच्या आसपास. धरणामागं जवळपास ५० किलोमीटर लांब पसरलेलं पाणी, त्याला नाव दिलं शिवसागर.

आता मघाची गोष्ट आठवा. नदी समुद्राकडे पाठ करून वाहत होती. कोयना प्रकल्पानं तिला फिरवलं. शिवसागराचं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्यानं पश्चिमेला नेलं, कोकणात पोफळीच्या भूमिगत वीजघरात सोडलं, पुढे कोळकेवाडीला पुन्हा वापरलं, आणि शेवटी वाशिष्ठीत. चिपळूणवरून ते पाणी दाभोळच्या खाडीत जातं. जे पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं, ते अरबी समुद्राला जाऊ लागलं. कृष्णा लवादानं यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. तीनशे वर्षांपूर्वी दाभोळहून माल घाट चढून जावळीत यायचा. आज जावळीचं पाणी घाट उतरून दाभोळला जातं. मला या दरीबद्दलची ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

कोयनेची एकूण क्षमता १९६० मेगावॉट. जलविद्युतचा मोठा फायदा म्हणजे ती पटकन चालू करता येते. संध्याकाळी सगळा महाराष्ट्र एकदम दिवे, टीव्ही, एसी लावतो तेव्हा कोयना मदतीला येते. शेवटच्या टप्प्यासाठी १९९९ आणि २०१२ मध्ये तलावाच्या तळाखालून बोगदा खणून शेवटचा खडक पाण्याखालीच स्फोटानं उडवला. त्याला लेक टॅपिंग म्हणतात. कामगिरी खरंच मोठी आहे, ती कमी लेखायचं कारण नाही.

पण त्या ५० किलोमीटर पाण्याखाली काय होतं? गावं. शंभराच्या आसपास गावांना या पाण्याची झळ बसली. नदीकाठची भातखाचरं, म्हणजे दरीतली सगळ्यात चांगली जमीन, आधी गेली. लोकांना सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड, रत्नागिरी अशा जिल्ह्यांत पाठवलं. ५००० मिलिमीटर पावसात वाढलेला माणूस सोलापूरच्या माळावर. अनेकजण गेलेच नाहीत किंवा गेले आणि परत आले, पाण्याच्या वर, डोंगराच्या उतारावर राहिले.

इथं एक तारीख बघा. धरण १९६४ चं. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदा १९७६ चा. म्हणजे ज्यांची गावं सगळ्यात आधी गेली त्यांच्यासाठी कायदाच नव्हता. म्हणून आज तिसरी पिढी सातबारा आणि दाखले घेऊन कलेक्टर ऑफिसच्या बाहेर बसलेली दिसते. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दल यांच्या आंदोलनांमुळे हा प्रश्न निदान विसरला गेला नाही.

आणि ११ डिसेंबर १९६७. पहाटे साडेचारच्या आत कोयनेचा भूकंप झाला. जवळपास १८० माणसं गेली, कोयनानगर जमीनदोस्त झालं. धरण तडे जाऊनही टिकलं, नंतर त्याचं मजबुतीकरण केलं. धरणाच्या पाण्यामुळे भूकंपाला चालना मिळते का, या अभ्यासात कोयना आज जगभर महत्त्वाचं नाव आहे.

तिसरा प्लॅन : जंगल राखायचं

आता येतो तुमच्या मेसेजमधला 'व्हर्जिन' शब्द.

धरणानं दरीचा तळ बुडवला, रस्ते तुटले, पश्चिम काठ एकाकी झाला. रान वाढलं. १९८५ साली तिथं कोयना अभयारण्य झालं, क्षेत्र ४२३ चौरस किलोमीटर. त्याच वर्षी दक्षिणेला वारणा नदीच्या खोऱ्यात चांदोली अभयारण्य झालं. २००४ मध्ये चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, ३१७ चौरस किलोमीटर. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांच्या सीमेवर. २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पश्चिम घाट गेला, त्यात महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

यादी वाचताना अभिमान वाटतो, वाटायलाच हवा. पण याच काळात जे लोक धरणामुळे वर सरकले होते ते अचानक अभयारण्यात आले. त्यांनी घर हलवलं नव्हतं, सीमा त्यांच्या घरावरून गेली. रस्ता नाही, वीज नाही, कारण अभयारण्य आहे. रानडुक्कर शेत खातं, त्याला हाकलायचं कसं, कारण अभयारण्य आहे. चांदोलीतली गावं तर उठवलीच. वारणेवरचं धरण आणि उद्यान, दोन्हींचा फटका तिथल्या काही घरांना बसला.

चांदोलीत फिरायला गेलात की गाईड सांगेल, हा झोळंबीचा सडा, हा जनीचा आंबा. लक्ष देऊन ऐका. माणूस नसलेल्या जंगलात आंब्याला नाव कोण देतं? आंबा मुळात कुणी लावला? गवतात बुडालेला जोत्याचा दगड, तुळशीवृंदावन, पडकी विहीर दिसली तर समजा, तुम्ही कुणाच्या तरी अंगणात उभे आहात.

मी जंगलाच्या विरोधात बोलत नाहीये, हे नीट ऐका. रान आणि वाघ दोन्ही पाहिजेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातून एक वाघीण चांदोलीत आणून सोडली. व्याघ्रगडाच्या रांगेत वाघ परत वसवायचे प्रयत्न चाललेत, याचा मला आनंदच आहे. फक्त त्या वाघासाठी जागा कुणी रिकामी केली, ते नाव कुठल्याच बोर्डवर नाही. प्रवेशद्वारावर पक्ष्यांची यादी असते, फुलपाखरांची असते. उठलेल्या गावांची यादी लावायला एक बोर्ड पुरेल.

चौथा प्लॅन : पर्यटक आणायचे

आणि आता आपण. तापोळ्याला लोक 'मिनी काश्मीर' म्हणू लागले. जावळी तालुक्यातल्या मुनावळ्याला २०२४ मध्ये जलक्रीडा केंद्र सुरू झालं. 'नवीन महाबळेश्वर' प्रकल्पासाठी सरकारनं रस्ते विकास महामंडळाला २३५ गावांचं नियोजन दिलं. पलीकडच्या काठावरचं दरे तर्फ तांब हे एकनाथ शिंदे यांचं गाव, त्यामुळे २०२२ नंतर या दरीचं नाव टीव्हीवर रोज येऊ लागलं. ('तर्फ' म्हणजे जुन्या महसुलातला विभाग. गावाच्या नावात जुना कारभार अजून जिवंत आहे.)

हा प्लॅन आधीच्या तिन्हींपेक्षा वेगळा होऊ शकतो. वाट, वीज आणि वाघ, तिन्हींसाठी दरीतला माणूस अडचण होता किंवा बिनकामाचा होता. पर्यटनात पहिल्यांदाच तोच बोट चालवतो, तोच भाकरी करून देतो, तोच वाट दाखवतो. निदान तशी शक्यता आहे. जमिनी बाहेरच्यांनी घेतल्या आणि गाववाला रिसॉर्टचा वॉचमन झाला, तर मात्र चौथाही प्लॅन आधीच्या तिघांसारखाच. कुठं राहायचं, कुठं जेवायचं हे तुम्ही ठरवता तेव्हा त्यात तुमचाही एक छोटा हात असतो.

तर, तुमचा प्लॅन

आता कामाचं. सेव्ह करून ठेवा.

वेळ : पावसाळ्यात वासोटा आणि चांदोली दोन्ही बंद असतात. साधारण ऑक्टोबरच्या मध्यानंतर उघडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात गेलात तर ऊन भाजून काढेल, पण पाणी खाली गेलेलं असतं आणि बुडालेल्या गावांचे चौथरे कुठंकुठं उघडे पडतात. नियम आणि वार बदलतात, निघण्याआधी वन खात्याकडे चौकशी कराच.

पहिला दिवस : मुक्काम मेढा किंवा थेट बामणोली. बामणोलीला सकाळी लवकर पोचा. ओळखपत्र दाखवून वन खात्याची परवानगी घ्या. बोट अख्खी ठरवावी लागते, त्यामुळे ग्रुप असेल तर खर्च वाटला जातो. साधारण दीड तासाचा पाण्यातला प्रवास, मग मेट इंदवलीहून चढ. संध्याकाळच्या आत परत, किल्ल्यावर मुक्कामाला परवानगी नाही. नेटवर्क नाही, नकाशा आधी डाउनलोड करा. बोटवाल्या काकांना एकच प्रश्न विचारा : "काका, तुमचं जुनं गाव कुठं होतं?" बहुतेक वेळा ते हात पाण्याकडे करतील. पुढचा तास तुम्हाला पॉडकास्ट लागणार नाही.

दुसरा दिवस : साताऱ्यावरून पाटणमार्गे कोयनानगर. धरण लांबून बघा. मग कुंभार्ली घाट उतरा. उतरताना लक्षात असू द्या, डोंगराच्या पोटातून तुमच्याच बाजूनं पाणीही उतरतंय. खाली पोफळी, मग चिपळूण. मुक्काम तिथं.

तिसरा दिवस : वाशिष्ठीच्या सोबतीनं दाभोळ. धोपाव्याहून गाडीसकट फेरीबोटीत बसा आणि खाडी ओलांडा. इथं कोयनेचं पाणी समुद्राला मिळतं.

चांदोली या ट्रिपमध्ये कोंबू नका. त्यासाठी वेगळे दोन दिवस काढा : कराडवरून शिराळा तालुक्यातलं वारणावती, तिथून मणदूर. आत खात्याच्या नियमानं, गाईड घेऊनच.

आणि एक काम सगळ्यांसाठी. परत आल्यावर फोटो टाकाल, टाका. फक्त खाली 'अनटच्ड' लिहू नका. बोटवाल्या काकांनी सांगितलेलं त्यांच्या जुन्या गावाचं नाव लिहा, आणि आम्हालाही पाठवा. तुमच्यापैकी कुणाचं घर कोयनेतून किंवा चांदोलीतून उठून दुसरीकडे गेलं असेल, तर आजी-आजोबांना विचारून गावाचं, वाडीचं, देवाचं नाव व्हॉइस नोटमध्ये पाठवा. ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे, त्यामुळे हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका. आलेली सगळी नावं मी एका एपिसोडमध्ये वाचून दाखवीन. त्यात म्युझिक नसेल, गप्पा नसतील, फक्त नावं.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि बोटीत लाइफ जॅकेट घालाच.